टांगती झोळी आणि माणसाची पाठ

मुंबई बेटाच्या उत्तरेस, साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावर, मालाडच्या खाडीच्या मुखाशी वेसावे नावाचे कोळ्यांचे जुने गाव आहे. सरकारी दप्तरात आणि मेट्रोच्या फलकावर त्यास वर्सोवा म्हणतात; गावकरी अद्याप वेसावेच म्हणतात. ह्या गावात जाळ्याइतकी विपुल वस्तू दुसरी नाही. ओट्यावर जाळी, गल्लीच्या तोंडाशी जाळी, बोंबील वाळविण्याच्या वलांड्यांशेजारी जाळ्यांचे ढीग. तरी जाळ्यात निजणारा माणूस मला ह्या गावात कधी आढळला नाही. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. जाळे मासे धरण्यासाठी असते. त्यात माणसाने कशासाठी निजावे? परंतु अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांत लक्षावधी माणसे आजही घरात दोन खुंट्यांस बांधलेल्या झोळीतच रात्र काढतात. आणि ज्या पोर्तुगीजांनी ह्या किनाऱ्यावर दोन शतके राज्य केले त्यांच्या भाषेत मासे धरण्याचे जाळे आणि निजण्याची झोळी ह्या दोहोंस एकच शब्द आहे, तो म्हणजे 'रेदे'.

पाठदुखीवर उपाय म्हणून घरात झोळी टांगून तीत निजण्याची चाल अलीकडे पुष्कळांनी उचलली आहे. इंग्रजीत हिला हॅमॉक म्हणतात आणि बाजारातही ती त्याच नावाने मिळते. त्या उपायाच्या गुणदोषांविषयी पुढे लिहावयाचेच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्याआधी दुसराच प्रश्न पडतो. ही वस्तू आपल्या किनाऱ्यावर एकदा नव्हे, दोन वेळा येऊन गेली; आणि कापडाची झोळी तर आपल्या घरात मुळापासूनच आहे. असे असता धडधाकट प्रौढ माणूस तीत का निजला नाही? आपल्या लोकांस ती सुचली नाही, हे उत्तर मला पटत नाही. झोळी आपणांस चांगली ठाऊक होती. ती कोणी वापरावयाची हेही ठरलेले होते, आणि ते ठरविण्यात पाठीचा संबंध होता. मात्र निजणाऱ्याच्या पाठीचा नव्हे.

प्रथम तिच्या आगमनाची हकिकत पाहू. १४९२ च्या ऑक्टोबरात कोलंबस बहामा बेटांत उतरला तेव्हा त्याने आपल्या रोजनिशीत तेथील लोकांच्या शय्या सुती जाळ्यांसारख्या असतात अशी नोंद केली. त्या बेटांवरच्या तैनो लोकांच्या भाषेतील 'हमाका' हा शब्द स्पॅनिश भाषेत गेला आणि तेथून इंग्रजीत उतरला. पोर्तुगीजांनी मात्र हा शब्द न घेता स्वतःचाच शब्द वापरला, आणि तो प्रथम कोठे वापरला हेही सांगता येते. १५०० सालच्या एप्रिलमध्ये काब्राल ह्याचे आरमार ब्राझीलच्या किनाऱ्यास लागले. त्या आरमारावरील लेखक पेरू वाझ दि कामिन्य ह्याने राजा मानुएल यास जे पत्र धाडले त्यात तेथील घरांचे वर्णन आहे. घरे लाकडी, लांबच लांब, आत आडभिंती नाहीत, नुसते खांब. खांबापासून खांबापर्यंत उंचावर दोन्ही टोकांस बांधलेले जाळे, त्यात माणसे निजतात, आणि खाली ऊब यावी म्हणून विस्तव करतात. निजण्याच्या झोळीस जाळे म्हणण्याचा हा पहिला लिखित दाखला समजतात.

हे आरमार मे महिन्यात ब्राझीलहून निघाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कालिकतास पोचले. म्हणजे ज्या डोळ्यांनी ब्राझीलमधील टांगत्या शय्या पाहिल्या, त्याच डोळ्यांनी पाच महिन्यांच्या आत मलबारचा किनारा पाहिला. कामिन्य स्वतः कालिकतासच डिसेंबरातल्या दंग्यात मारला गेला असे मानतात. पत्र तेवढे आधीच एका जहाजाबरोबर लिस्बनला रवाना झाले होते. ते उशिरा निघते तर एवढी हकिकतही उरती ना.

ह्यानंतर चौतीस वर्षांनी, १५३४ साली, गुजरातच्या बहादुरशहाने वसई व तिच्याबरोबर साष्टी हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. वेसाव्याच्या खाडीपलीकडे मढच्या टोकावर जो किल्ला आहे तो ह्याच अमलातला. ब्राझील आणि वसई ही एकाच राजाची दोन ठाणी झाली. मिरची, अननस, काजू, पेरू इत्यादी अनेक वस्तू तिकडून इकडे आल्या आणि इतक्या मुरल्या की आज त्यांस परक्या म्हणवत नाही. मग निजण्याचे 'रेदे' का मुरले नाही? १७३९ साली मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत वेसाव्याचा किल्ला घेतला आणि १७७४ साली तो साष्टीबरोबर इंग्रजांकडे गेला. इतक्या दीर्घ काळात अननस घरात शिरले, पण झोळी शिरली नाही.

ह्याचे एक कारण असे की पोर्तुगीज येथे आले तेव्हा टांगते आसन येथे आधीच होते. पण ते घरात टांगलेले नव्हते, माणसांच्या खांद्यांवर टांगलेले होते. १४९८ साली वास्को द गामा कालिकतच्या राजास भेटावयास निघाला तेव्हा त्याच्यासाठी माणसांनी वाहून नेण्याचे एक वाहन आणले गेले. त्यास पोर्तुगीजांनी 'अंदोर' म्हटले आहे. हा शब्द आपल्या 'हिंदोळ'च्या कुळातला असावा असे कोशकार म्हणतात. मलबारात 'मंजील' आणि गोव्यात 'मचीला' ही जी वाहने होती त्यांचे मूळ संस्कृत 'मंच' ह्या शब्दात सांगतात. लांब दांडा, त्यास दोन्ही टोकांनी बांधलेली कापडाची वा दोराची झोळी, झोळीत आडवा झालेला इसम, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांखाली खांदे. यूल व बर्नेल ह्यांच्या १८८६ सालच्या सुप्रसिद्ध कोशात ह्या वाहनाची ओळख झोळीची पालखी अशीच करून दिली आहे. गोव्यातून हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेत मोझांबिकापर्यंत गेला.

१६२३ साली गोव्यास आलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले ह्याने ह्याविषयी एक मौजेची हकिकत लिहिली आहे. पोर्तुगीजांच्या हद्दीत पुरुषांस पालखीत बसण्याची मनाई होती, कारण ते बायकी मानले जाई. परंतु पावसाळा लागला की वशिल्याने वा लाच देऊन परवानगी मिळवावयाची, आणि मग हळूहळू बाराही महिने जो तो पालखीतूनच फिरावयाचा! कायद्याचे हे चित्र चारशे वर्षांत फारसे जुने झाले आहे असे वाटत नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की आडवे होऊन वाहून घेणे आणि पुरुषार्थ ह्यांचा विरोध फिरंग्यांसही वाटत होता. आपल्याकडे तो विरोध दुसऱ्या रीतीने सोडविला गेला. पेशवाईत पालखी हा मान झाला. ती सरकारातून मिळावयाची आणि तिच्या खर्चाची नेमणूक असावयाची. मानकऱ्याने वाहून घेतले तर ते वैभव, सामान्याने वाहून घेतले तर तो आजारी.

आणि वाहणारे कोण? महाराष्ट्रात ते काम भोयांचे. भोई समाजाचे दोन परंपरागत धंदे सांगितले जातात: पालखी वाहणे आणि नदीत जाळे टाकून मासे धरणे. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो होतो. परंतु 'रेदे' शब्दाचे दोन अर्थ समजल्यावर तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. जाळे विणणारा हात आणि झोळीचा दांडा पेलणारा खांदा हे एकाच माणसाचे होते. जाळ्यास कोठे गाठ मारली म्हणजे भार समान वाटला जातो, हे ज्यास उपजत कळत होते, त्याच्या वाट्यास झोळीत निजणे कधी आले नाही. तिच्याखाली चालणे आले.

आपण पाठदुखीचा इतिहास लिहावयास बसलो तर कोणाच्या पाठीचा लिहितो हे पाहिले पाहिजे. खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून बैलगाडीत वा घोड्यावर बसून कंबर मोडते. झोळीत ती मोडत नाही, कारण धक्का दांड्याच्या लवचिकपणात आणि भोयांच्या गुडघ्यांत जिरतो. प्रवाशाच्या मणक्यांस जो विसावा मिळाला तो आकाशातून आला नाही. चार किंवा आठ माणसांच्या मानेचा आणि कमरेचा तो वजा केलेला विसावा होता. अशा माणसांनी आपले गाऱ्हाणे फारसे लिहून ठेवले नाही. तरी अगदीच मुकाट्याने सोसले असेही नाही: १८२७ साली कलकत्त्यात बिल्ले आणि दर ह्यांविषयीच्या नव्या नियमांवरून पालखीवाल्या भोयांनी काम बंद पाडले, आणि हिंदुस्थानातल्या पहिल्या संपांत त्याची गणना होते.

आता घरातली झोळी पाहू. मराठीत 'झोळी' हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. भिक्षेकऱ्याच्या खांद्यास असते ती झोळी. जुन्या लुगड्याची दोन टोके आढ्यास बांधून तान्हे मूल निजवितात ती झोळी. आणि डोंगरातून आजाऱ्यास दांड्यास टांगून आणतात तीही झोळीच. तिघांत साम्य काय? भिक्षेकरी, तान्हे मूल आणि आजारी, तिघेही दुसऱ्याच्या हाताकडे पाहणारे. झोळीत जो असतो त्यास कोणी तरी झोका द्यावा, कोणी तरी उचलावे, कोणी तरी काही घालावे लागते. शब्दाच्या अर्थातच परावलंबन विणलेले आहे. स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या माणसाने झोळीत निजावे ही कल्पना आपल्या घरात हास्यास्पद ठरली ती ह्यामुळे. त्यास निजावयास जमीन, घोंगडी, सतरंजी, तक्तपोस वा बाज. व्रतस्थ असेल तर भूमिशय्या हे त्याच्या व्रताचे अंगच. कठीण शय्या म्हणजे कणखर मन, हे समीकरण आपल्या संस्कारांत फार खोल गेलेले आहे.

बाजेचीच गोष्ट घ्या. बाज ही वस्तुतः चौकटीत ताणलेली झोळी आहे. तिचे सुंभ दिवसेंदिवस सैल होते, मध्ये झोळ पडतो, आणि मग घरातला कर्ता माणूस ती उलटी करून पायथ्याकडची दोरी आवळू लागतो. झोळ पडणे हा दोष, ताण असणे हा गुण. मात्र ह्याच बाजेवर बाळंतीण निजते तेव्हा तिच्याखाली शेगडी ठेवतात आणि सुंभाच्या फटींतून तिच्या पाठीस व कमरेस शेक देतात. कामिन्यने ब्राझीलमध्ये पाहिलेला झोळीखालचा विस्तव आणि आपल्या बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी ह्यांत मूळचा संबंध असण्याचे कारण नाही. परंतु दुखऱ्या पाठीस खालून ऊब लागू देणारी सच्छिद्र शय्या हवी, हे दोन खंडांतल्या बायकामाणसांस स्वतंत्रपणे उमगले असावे. आपल्याकडे दुखऱ्या पाठीचे लाड झाले ते चाळीस दिवस आणि एवढ्या एका निमित्ताने. पुढे त्या बाईने घागरी वाहाव्या.

झोपाळा आपल्याकडे आहे, फार जुना आहे. वैदिक महाव्रतात होता नावाचा ऋत्विज झोक्यावर बसून शस्त्रपठण करीत असे. कोकणातल्या जुन्या घरांत माजघराच्या वा ओटीच्या तुळईस त्याच्या कड्या अद्याप दिसतात. परंतु झोपाळ्याची फळी कठीण असते आणि तो मुख्यतः बसण्यासाठी असतो. नावात झोप दिसली तरी त्यावर दुपारी फार तर एक डुलकी लागते.

वैद्यकानेही कठीण शय्येचीच बाजू घेतली. सुश्रुताने भग्नचिकित्सेत 'कपाटशयन' सांगितले आहे: रुग्णास फळीवर निजवावे आणि मोडलेला भाग हलू नये म्हणून पाच ठिकाणी खुंट्या मारून त्यास बांधावे. मांडी व पाय ह्यांच्या मोडीप्रमाणेच कटी व पृष्ठवंश ह्यांच्या मोडीतही हाच विधी करावा अशी त्याची आज्ञा आहे. मोडलेल्या हाडास हा उपाय शहाणपणाचाच आहे. परंतु हाड मोडणे वेगळे आणि पाठ दुखणे वेगळे, हा विवेक पुढच्या काळात राहिला नाही. विसाव्या शतकात पाश्चात्त्य वैद्यांनीही पाठदुख्या माणसास गादीखाली फळी घालून आठवडेच्या आठवडे पडून राहावयास लावले. आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी ह्या फळीवर आयुष्याचे कित्येक महिने काढले.

ह्या मताचा पाया तपासला गेला तो अगदी अलीकडे. १९८६ साली अमेरिकेतील टेक्सास प्रांतात २०३ रुग्णांवर प्रयोग झाला. काहींस दोन दिवस पडून राहावयास सांगितले, काहींस सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे काही बिघडले नाही, उलट ते कामावर लवकर गेले. २००३ साली स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांस कठीण व मध्यम कठीण अशा गाद्या वाटल्या आणि कोणती कोणास दिली हे त्यांस कळू दिले नाही. नव्वद दिवसांनी मध्यम गादीवाल्यांच्या वेदना अधिक कमी झालेल्या आढळल्या. त्याच्याही आधी, १९६० नंतरच्या दशकात, स्वीडनच्या नाखेमसन ह्या शल्यवैद्याने जिवंत माणसाच्या कमरेच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून तीवरील दाब मोजला होता. उभ्या माणसाच्या चकतीवर शंभर भार धरला तर उताण्या निजलेल्याच्या चकतीवर तो सुमारे पंचवीस, आणि आधाराशिवाय बसलेल्याच्या चकतीवर सुमारे एकशे चाळीस. आम्हां लेखणी-पेशाच्या लोकांनी हा शेवटचा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा! तेव्हा कठीण फळीची जी महती आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो तीत वैद्यकापेक्षा नीतीचा अंश अधिक होता, असे म्हणावयास हरकत नाही.

झोळीची दुसरी खेप आली ती इंग्रज आरमाराबरोबर. १५९७ साली इंग्लंडच्या आरमाराने खलाशांसाठी टांगत्या शय्यांचे कापड मंजूर केले. पुढे नियमच असा झाला की दर खलाशास तुळईवर चौदा इंच रुंदीची जागा मिळावी. अर्धे खलाशी पहाऱ्यावर असत म्हणून प्रत्यक्षात ती दुप्पट होई, तरी माणूस चिंबोरीच्या टोपलीतल्यासारखाच. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानाची जी लढाऊ जहाजे बांधली, त्यांच्या तुळयांसही अशाच झोळ्या टांगल्या जात. त्यांतले १८१७ साली पाण्यात सोडलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. डोलणाऱ्या जहाजात झोळी स्थिर राहते हा तिचा गुण खरा. परंतु ती घराच्या सुखासाठी नव्हती, जागेच्या काटकसरीसाठी होती. इंग्रजांनी ती छपराखाली आणली तीही कोठे, तर लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात. १८४२ साली उघडलेल्या ह्या तुरुंगाच्या एकांत-कोठड्यांतून कैद्यांस झोळ्या दिल्या होत्या. खलाशी आणि कैदी ज्या शय्येवर निजतात ती मुंबईच्या भद्र लोकांनी का उचलावी? त्यांनी साहेबाचा लोखंडी पलंग उचलला, आणि त्याच्या जाळीस पडणारा झोळ पाहून बाजेच्या झोळाप्रमाणेच त्यास शिव्या दिल्या.

ह्या अरुंद आरमारी झोळीमुळे एक गैरसमज मात्र जगभर पसरला, तो हा की झोळीत निजणे म्हणजे केळीसारखे वाकणे. वास्तविक ज्यांची ही वस्तू मूळची, ते लोक तीत असे निजतच नाहीत. मेक्सिकोतील युकातान प्रांतात माया लोकांच्या घरी आणि ब्राझीलच्या ईशान्येस सिआरा वगैरे प्रांतांत झोळी चांगली रुंद विणतात, आणि घर बांधतानाच भिंतींत तिचे आकडे बसवितात. निजणारा तीत लांबीच्या रेषेत पडत नाही, तिरका पडतो. डोके एका बाजूस, पाय दुसऱ्या बाजूस. असे केले की कापड पसरते, मध्यभाग वर येतो आणि पाठ जवळजवळ सपाट होते. गुडघ्यांखाली आणि मानेखाली किंचित उठाव राहतो, टेकूची उशी लागत नाही, आणि नितंब किंवा खांदा ह्यांपैकी कोणत्याही एका हाडावर सगळा भार येत नाही.

टांगण्यातही शास्त्र आहे, आणि ते पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही येण्यासारखे आहे. दोरी क्षितिजाशी तीस अंशांचा कोन करीत असेल तर प्रत्येक टोकावर निजणाऱ्याच्या वजनाएवढाच ताण येतो. साठ किलोच्या माणसासाठी साठ किलो. 'झोळ नको' ह्या आपल्या जुन्या हट्टाने ती आवळून कोन दहा अंशांवर आणला तर तोच ताण प्रत्येक टोकास सुमारे १७३ किलो होतो, भिंतीतली खुंटी उपटून येते आणि पाठदुखीचा निकाल कायमचा लागतो. म्हणजे येथे ढिलेपणा हाच गुण. बाजेचा संस्कार येथे अगदी उलटा करावा लागतो.

माझे स्वतःचे सांगावयाचे तर तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून आणि रात्री उत्तरपत्रिकांवर वाकून माझी कंबर धरली होती. एका वैद्यांनी फळी सांगितली, दुसऱ्यांनी तिच्यावर जाड गादी. वेसाव्यातच राहणारे एक शेजारी पूर्वी मालवाहू जहाजावर होते. त्यांनी ब्राझीलच्या बंदरातून आणलेली एक सुती झोळी मला दिली, आणि स्वतः येऊन, अंतर मोजून, काँक्रीटच्या दोन खांबांत आकडे ठोकून दिले. विटांच्या आडभिंतीत ठोकू दिले नाहीत. तिरके कसे पडावयाचे तेही त्यांनीच दाखविले. सकाळी उठताना पूर्वी जे पाच-दहा मिनिटे बिछान्याची कड धरून बसावे लागे ते आता लागत नाही, एवढे मी म्हणेन. दुखणे गेले असे म्हणणार नाही. आणि माझा गुण तो सर्वांचा गुण असेही नव्हे. ज्यांच्या कण्याची नळी वयोमानाने अरुंद झालेली असते त्यांस किंचित वाकलेल्या स्थितीत बरे वाटते. उलट ज्यांची चकती सरकून पायात कळ जाते त्यांस तेच वाकणे बाधण्याचा संभव असतो. त्यांनी आधी वैद्यास विचारावे. झोक्याने झोप लवकर लागते हे मात्र केवळ आईचे मत राहिलेले नाही. जिनीव्हाच्या संशोधकांनी २०११ साली बारा माणसांस दुपारी पाऊण तास डोलत्या खाटेवर निजवून आणि २०१९ साली अठरा तरुणांस रात्रभर तसेच निजवून हे तपासले. डोलणाऱ्या खाटेवर झोप लवकर लागली आणि गाढ लागली. त्या प्रयोगात झोळी नव्हती, यंत्राने हलणारी खाट होती. तथापि अंगाईचा पाया खरा निघाला.

माझी झोळी पाहावयास कोळीवाड्यातल्या एक मावशी आल्या होत्या. त्या दारावर मासळी आणतात. त्यांनी कापड बोटांनी चाचपले, टोकाच्या गाठी उलटसुलट करून पाहिल्या, आणि विणकरास जाळे येत होते असा अभिप्राय दिला. निजून पाहता का, असे विचारले तेव्हा त्या खूप हसल्या. मग टोपली डोक्यावर घेताना कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबल्या. पहाटे धक्क्यावरून माल उचलावयाचा, तो डोक्यावरून गाडीपर्यंत न्यावयाचा, दिवसभर पाटावर बसून चिरावयाचा. आणि पुरुषांनी समुद्रात ओले डोलाचे जाळे ओढावयाचे, ज्याच्या खोलात बोंबील नि जवळा भरलेला असतो. नायलॉनने जाळे हलके झाले आणि यंत्राने नौकेस वेग आला, तरी वाकणे गेलेले नाही. पाठदुखीसाठी ह्या गावात झोळी टांगावयाची असेल तर माझे घर हे तिचे पहिले ठिकाण नव्हे हे मला कळते. परंतु ज्या घरात एका खोलीत तीन पिढ्या निजतात तेथे रात्री तिरके पसरावयास जागा कोठून आणावी? तान्ह्याच्या झोळीपुरतीच आढ्यात जागा असते.

घरातल्या झोळीचा मला जो विशेष वाटतो तो हा की तिचा दांडा कोणाच्या खांद्यावर नाही. खांब तो भार वाहतो, आणि खांबास कंबर नाही. युकातानच्या आणि ब्राझीलच्या मूळ लोकांनी ती तशीच वापरली होती. तिच्याखाली माणसे आली ती पुढे: ब्राझीलमध्ये जमीनदार गुलामांच्या खांद्यांवर 'रेदे'त पडून फिरू लागले आणि इकडे गोव्यात फिरंगी मचील्यात. एकाच वस्तूची ही दोन आयुष्ये एकमेकांपासून इतकी भिन्न आहेत की त्यांस एक नाव असू नये.

पालख्या आणि मचीले आता संग्रहालयांत गेले, असे लिहून हा लेख संपविता आला असता. परंतु ज्या वसईच्या मुलुखात वेसावे मोडत होते, त्या वसईच्या पुढे उत्तरेस आणि पूर्वेस पालघर जिल्ह्यातले डोंगरी पाडे आहेत. तसेच सातपुड्यात नंदुरबारकडे आहेत. पावसाळ्यात तेथून आजारी माणूस किंवा अडलेली बाई दवाखान्यात न्यावयाची तर चादरीची झोळी करतात, तिची टोके बांबूस बांधतात, आणि चिखलातून, ओढ्यातून, पक्की सडक लागेपर्यंत काही मैल खांद्यावरून आणतात. जवळजवळ दर वर्षी वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. झोळी खोल असते, म्हणून छायाचित्रात आतले माणूस बहुधा दिसत नाही. बांबूखालचे दोघे मात्र स्पष्ट दिसतात. पुढच्याची मान एका अंगास कललेली असते, आणि मागचा खाली, पाय कोठे पडतो तिकडे, पाहत असतो.